दोन दिवसांचें पुणें

पाहुण्यांस पुणें दाखवावयाचें म्हणजे स्थळांची यादी लांबवावयाची, अशी आमची गतवर्षींपर्यंत समजूत होती. त्या खेपेस एका दिवसांत नऊ ठिकाणें उरकलीं, आणि ७८ व्या वर्षीं सांगलीहून हौसेनें आलेल्या आमच्या अक्कांनीं निघतांना विचारलें, “अरे, शनिवारवाडा पाहिला का रे आपण?” आम्ही ओशाळलों.

यंदा बेत करतांना आधीं अक्कांचे गुडघे पाहिले, मग नकाशा. पहिल्या दिवशीं पर्वती, तीही उन्हाच्या आधीं. पायऱ्या शंभरावर आहेत. दर वीस पायऱ्यांवर बसलों. नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं बांधविलेल्या देवदेवेश्वराचें दर्शन झाल्यावर अक्का शहराकडे तोंड करून बसल्या. पानिपतचा घाव घेऊन नानासाहेबांनीं १७६१ सालीं याच टेकडीवर देह ठेविला, हें सांगितल्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. घाईच्या यादींत असें मौन बसत नाहीं.

दहाच्या सुमारास नारायण पेठेंत मिसळ. रस्सा वेगळा मागवावा. पोरें हवा तितका ओततात, वडीलधाऱ्यांचें पोट सुखरूप राहतें. दुपारच्या उन्हांत केळकर संग्रहालयासारखी सावली नाहीं. दिनकर गंगाधर केळकर यांनीं अकालीं गेलेल्या राजा या मुलाच्या नांवें जमविलेला हा संसार १९७५ सालीं सरकारास देऊन टाकला. दिवे नि अडकित्ते पाहतांना अक्का आम्हांसच शिकवूं लागल्या. कोथरूडाहून आणून उभारलेला मस्तानी महालही तेथेंच आहे. सायंकाळीं त्याच नांवाचें आइस्क्रीम घातलेलें दाट दूध नातवंडांनीं आणविलें. अक्कांनीं अर्धा पेला संपविला आणि नांव मात्र घेतलें नाहीं!

दुसऱ्या दिवशीं मेट्रोनें कसबा पेठ. ग्रामदैवताचें दर्शन, मग लाल महाल. ही इमारत अलीकडे नव्यानें उभारलेली आहे, हें मुलांस आधींच सांगावें. शनिवारवाड्याचेंही तसेंच. १७३० सालीं पाया घातलेला तो वाडा १८२८ च्या आगींत गेला. दिल्ली दरवाजाच्या आंत आतां जोतींच आहेत. हें ठाऊक नसलें कीं मंडळी हिरमुसतात. अक्का एका जोत्यावर टेकल्या व “नारायणराव कुठून धांवला रे?” असें विचारूं लागल्या. तेथेंच तास गेला.

विश्रामबागवाडा राहिला. १८२१ सालीं तेथें संस्कृत पाठशाळा निघाली, म्हणून आमची खरी ओढ तिकडची. पण बाकरवडी घ्यावयाची होती, आणि अक्कांची गाडी चारची.