चौकोनी लहर

आमच्या घरांतील मुलें विज्ञानाचीं सूत्रें मुखोद्गत करतात व गुणही मिळवितात. परंतु सूत्राला जाब विचारण्याची संवय त्यांस क्वचितच लागते. ती लागावी म्हणून एक अल्पखर्चाचा प्रयोग आम्ही येथें सुचवितों.

विजेचा दाब एकदम चढला, कांहीं काळ स्थिर राहिला व एकदम उतरला, तर त्याचा आलेख तटावरील चर्यांसारखा दिसतो. हीच चौकोनी लहर. संगणकाचें कार्य अशाच ठेक्यावर चालतें. दोन निर्वात नळ्या परस्परांस जोडून ही लहर काढण्याची युक्ति आन्री आब्राहाम व यूजेन ब्लॉक या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १९१९ सालीं प्रसिद्ध केली. नळ्यांच्या जागीं पुढें ट्रान्झिस्टर आले, पण युक्ति तीच: एक जागा असतां दुसरा निजतो, आणि निजलेल्यास उठविण्याची वेळ कपॅसिटर ठरवितो. कपॅसिटरला घटिकापात्र मानावें व रेझिस्टरला त्याचें छिद्र. रोध मोठा म्हणजे छिद्र बारीक, आणि भरण्यास विलंब अधिक.

बीसी ५४७ जातीचे २ ट्रान्झिस्टर, १०० किलोओहमचे २ व १ किलोओहमचे २ रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचे २ कपॅसिटर, २ तांबडे एलईडी दिवे आणि दीड व्होल्टचे ४ सेल एवढें साहित्य पुरें. सेल एकापुढें एक जोडावेत. प्रत्येक ट्रान्झिस्टरचा एमिटर ऋण टोकास जोडावा. कलेक्टर दिवा व १ किलोओहम यांतून, आणि बेस १०० किलोओहममधून धन टोकास न्यावा. मग प्रत्येक कलेक्टरपासून दुसऱ्याच्या बेसपर्यंत एक कपॅसिटर घालावा; त्याची धन बाजू कलेक्टरकडे असावी. दिवे आळीपाळीनें लुकलुकूं लागतात.

आतां गणित. रोध व धारकता यांच्या गुणाकारास ०.६९ नें गुणिलें कीं अर्ध्या फेऱ्याचा काळ मिळतो. येथें तो ०.६९ सेकंद येतो. म्हणजे १० फेऱ्यांस सुमारें १४ सेकंद लागावेत. मुलांनीं घड्याळ लावून मोजावें. बहुधा उत्तर तंतोतंत जुळणार नाहीं, आणि तेथेंच खरा पाठ सुरू होतो. अशा कपॅसिटरवर छापलेल्या अंकांत शेकडा २० पर्यंत फरक चालतो. शिवाय ट्रान्झिस्टर व दिवा यांत खर्च होणारा दाब या सोप्या सूत्रानें धरलेलाच नसतो.

नैयायिकांनीं शब्दाला प्रमाण मानलें, तसें अनुमानाला व प्रत्यक्षालाही. छापील सूत्र हा शब्द, गणित हें अनुमान, मोजणी हें प्रत्यक्ष. तिघांची साक्ष जुळत नसेल तर कोणावरही न रागावतां कारण शोधावें, ही शिकवण परीक्षेंतील गुणांहून अधिक काळ टिकेल. येत्या सुटींत मुलामुलींच्या हातीं हें साहित्य अवश्य द्यावें.