स्प्रिंग निवडताना अंगठ्यावर विसंबू नका

यंत्रातली स्प्रिंग बसली की फिटर जुना तुकडा घेऊन दुकान गाठतो, अंगठ्याने दोन-चार स्प्रिंगा दाबून बघतो आणि त्यातली जरा कडक घेऊन येतो. काही दिवसांत तीही बसते, नाहीतर तुटते. उदाहरणाला एक पोलादी दाब-स्प्रिंग घेऊ : वायर २ मिमी, वेढ्यांचा सरासरी व्यास १६ मिमी, काम करणारे वेढे ८. ती १ मिमी दाबायला साधारण अर्धा किलो भार लागतो.

गैरसमज : वायर किंचित जाड असली तर काय बिघडते?
वस्तुस्थिती : कडकपणा वायरच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी मापे तीच ठेवून २ ऐवजी २.२ मिमी वायर घेतली, तर स्प्रिंग ४६ टक्क्यांनी कडक होते. नुसत्या नजरेला हा फरक कळत नाही. वायर मायक्रोमीटरनेच मोजावी.

गैरसमज : भारी पोलादाची स्प्रिंग जास्त कडक असते.
वस्तुस्थिती : साधे कार्बन स्टील असो की क्रोम-सिलिकॉन, मापे तीच असतील तर कडकपणा जवळपास तेवढाच राहतो. भारी पोलाद न बसता जास्त ताण सोसते, एवढाच त्याचा फायदा. स्टेनलेसची स्प्रिंग तर त्याच मापात थोडी नरम पडते.

गैरसमज : स्प्रिंग लांब झाली तर दोन वेढे कापून टाकावेत.
वस्तुस्थिती : ८ चे ६ वेढे उरले की कडकपणा एक तृतीयांशाने वाढतो. तेवढीच हालचाल आता सहाच वेढ्यांवर येते, म्हणून वायरवरचा ताणही तितकाच वाढतो. शिवाय कापलेले टोक सपाट नसल्याने स्प्रिंग तिरकी बसते.

गैरसमज : ओढ-स्प्रिंग काय, दाब-स्प्रिंग काय, काम एकच.
वस्तुस्थिती : ओढ-स्प्रिंग बहुधा हुकापाशी तुटते आणि भार एकदम सुटतो. दाब-स्प्रिंग तुटली तरी तिचे तुकडे एकमेकांवर टेकून बऱ्याचदा काही भार पेलतात. भार सुटून इजा होण्याची भीती असेल तिथे दाब-स्प्रिंगच बरी. मात्र तिची मोकळी लांबी व्यासाच्या चौपटीहून जास्त असेल तर ती मध्येच वाकू शकते. आत रॉड किंवा बाहेर नळी द्यावी.

ऑर्डर देताना बसवलेल्या आणि पूर्ण दाबलेल्या स्थितीतली लांबी व भार, भोवतालची जागा आणि तापमान कळवावे. स्प्रिंग किती वेळा दबणार, हेही सांगावे. ३००० आरपीएमवर चार-स्ट्रोक इंजिनाची व्हॉल्व्ह-स्प्रिंग मिनिटाला १५०० वेळा दबते. क्वचित दबणाऱ्या स्प्रिंगला चालणारा ताण तिला चालत नाही. तेवढ्याच भारासाठी तिचा हिशोब वेगळा करावा लागतो.