पातं बोलतं, नक्षी नाही

कट्यार, बिचवा, गुप्ती जमवणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. पण रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांमधून खरं वापरलेलं जुनं पातं शोधायचं, तर भिंतीवर नाही, पानाच्या डब्यात बघावं. रोठा सुपारीचा हा मुलूख. इथे अडकित्ता शोभेला नव्हताच. जेवणं झाली की ओटीवर तबक यायचं आणि गप्पा संपेपर्यंत त्याची कटकट चालू असायची.

अडकित्त्यांचा संग्रह म्हटलं की मराठी माणसाला पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवतं. पोपट, मोर, घोडे, मिथुनं, किती तऱ्हा! परदेशातही याचे शौकीन झाले. सॅम्युअल आयलेनबर्ग हा विसाव्या शतकातला मोठा गणिती. त्याच्या अडकित्त्यांच्या संग्रहावर 1991 साली स्वतंत्र पुस्तक निघालं. पण या नावाजलेल्या नमुन्यांमुळेच एक खोड लागली आहे. नवा हौशी आधी नक्षी बघतो आणि तिथेच फसतो, कारण नक्षीची नक्कल करणं सगळ्यांत सोपं.

आधी पातं बघा. पितळेच्या अडकित्त्यालाही पातं पोलादाचं किंवा लोखंडाचंच हवं. वाळलेल्या सुपारीपुढे पितळेची धार टिकत नाही. वरपासून खालपर्यंत एकाच ओतीव पितळेचा ‘पुरातन’ अडकित्ता कुणी दाखवला, तर तो दिवाणखान्यासाठीच जन्मला असं समजा. लोहाराच्या हातच्या साध्या लोखंडी अडकित्त्यात कधी कधी अंगाला जडवलेल्या पोलादी धारेची रेघ निरखून पाहिली तर दिसते. मला स्वतःला असला बिननक्षीचा अडकित्ता दहा पोपटांपेक्षा जास्त आवडतो.

मग झीज बघा. खिळा एका टोकाला, मुठी दुसऱ्या टोकाला आणि सुपारी मध्ये. ती खिळ्याच्या जितकी जवळ, तितका हाताला जोर कमी लागतो. त्यामुळे कातरणारा नकळत तिथेच सुपारी धरतो आणि वर्षानुवर्षांच्या वापराने पातं त्या बाजूला खोलगट होतं. धार लावून लावून त्याची रुंदीही घटते. मुठी तळव्याला लागतात तिथे गुळगुळीत होतात, आतल्या खाचांत मात्र नक्षी शाबूत राहते. खोटा माल कानशीने झिजवलेला असतो, आणि कानस सगळीकडे सारखीच फिरते. सुपारीतल्या टॅनिनने लोखंडावर निळसर काळा डाग धरतो. तोही कातरायच्या जागी जास्त, टोकाला कमी असायला हवा. मुद्दाम आम्ल लावून आणलेला कळंक आणि काळेपणा सरसकट पसरलेला असतो.

म्हणूनच अशी वस्तू हाती आली की लगेच चिंच लावून घासू नये. ज्या खुणांवरून तिचं वय ओळखायचं, त्याच आपण मोरीत सोडून देतो. त्याऐवजी कुठल्या गावच्या, कुठल्या घरातून आली, कोण वापरत होतं, एवढी चिठ्ठी तिच्यासोबत ठेवावी. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. झाडं पुन्हा लावता येतात. पण मोडीत वजनावर गेलेल्या अडकित्त्याचं घर पुन्हा सापडत नाही.

शौक वस्तूचा असावा, सुपारीचा नव्हे, हेही सांगून टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच सुपारीला कर्करोगकारक ठरवलं आहे. आणि कायद्याचंही भान ठेवावं. अडकित्ता घरगुती अवजार आहे, पण मोठ्या पात्याच्या कट्यारी-तलवारींकडे वळणाऱ्याने शस्त्र कायदा वाचून घ्यावा. शंभर वर्षांपूर्वीची कलावस्तू 1972 च्या कायद्याने पुरावशेष ठरते, ती परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पाठवता येत नाही.

राहिली निगा. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत लोखंड लवकर गंजतं. पात्याला शिवणयंत्राच्या तेलाचा पुसट हात द्यावा, खिळ्यात एक थेंब सोडावा आणि सुती फडक्यात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवावं. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र नको, आत घाम धरतो.