रांगेतली विमानं

असल्फाच्या टेकडीवर, रंगवलेल्या घरांच्या वरच्या ओळीतल्या एका गच्चीवर मी उभा आहे. संध्याकाळचे सात वाजून गेलेत. पूर्वेला, खाडीच्या अंगाला, आकाशात तीन दिवे एकामागे एक दिसतायत. पहिला दिवा मोठा होत होत त्याचं विमान होतं, घाटकोपरच्या इमारतींवरून येतं आणि समोरून, जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत, धावपट्टीकडे उतरतं. पत्रे थरथरतात. निळ्या पिंपाचं झाकण कडकड वाजतं. ज्यांच्या गच्चीवर मी आलोय त्या मावशी बोलता बोलता थांबतात आणि आवाज ओसरला की नेमक्या त्याच शब्दापासून पुढे सुरू करतात.

मी घड्याळ लावून बघतोय. एक विमान टेकलं की दुसरं टेकायला अडीच-पावणेतीन मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात पलीकडून एक समुद्राच्या दिशेने उडतं. मुंबईच्या या विमानतळावर धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासाला टेकऑफ-लँडिंग मिळून ४६ पर्यंत जायची. विमानं आकाशात घिरट्या घालत इंधन जाळतात म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीत ही मर्यादा ४४ वर आणली. हिशेब केला तर एका विमानाच्या वाट्याला ८२ सेकंद येतात.

मावशींचा नातू नववीत आहे. मोबाइलवर विमानांचा नकाशा उघडून तो मला एकेक ओळखून दाखवतोय. "काका, हे दुबईचं. आणि त्याच्या मागचं बघा, पंख्याचं छोटं. त्याला लांब ठेवलंय." त्याचं बरोबर आहे. जड विमान गेलं की त्याच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे मागे राहतात, ते विरेपर्यंत हलक्या विमानाला जवळ येऊ देत नाहीत. सत्तर माणसांचं विमान साडेतीनशे माणसांच्या विमानाइतकाच, कधी जास्तही, वेळ खातं. २०१७ च्या सुमारास, छोटी शहरं विमानाने जोडायच्या सरकारी उडान योजनेत, नाशिक, जळगाव, कोल्हापूर मुंबईला जोडायचं ठरलं तेव्हा घोडं इथेच अडलं. गावाकडे धावपट्टी होती, पण मुंबईत उतरायला सोयीचा स्लॉट, म्हणजे ठरावीक वेळेची जागा, मिळेना.

एकदम आवाज वेगळा येतो. उतरत आलेलं एक विमान खाली जायचं सोडून नाक वर करतं. इंजिनं अशी गर्जतात की मावशींच्या हातातलं ताट छातीशी जातं. बाहेर काढलेली चाकं आमच्या डोळ्यांसमोर पोटात ओढली जातात. खिडक्यांतला पिवळा उजेड दिसतो, एका खिडकीला टेकलेलं डोकंसुद्धा दिसल्यासारखं वाटतं. "गो-अराउंड!" पोरगा ओरडतो. पुढचं विमान वेळेत धावपट्टीवरून बाजूला झालं नसावं. आता हे समुद्रावरून वळून, पुन्हा पूर्वेला जाऊन रांगेत लागेल. त्यात वैमानिकाची काही चूक नाही, नियमाने आणि शहाणपणाने केलेली गोष्ट आहे. पण तासातली एक जागा गेली, आणि मागच्या प्रत्येकाला थोडा थोडा उशीर झाला.

विमान वाहतुकीच्या वाढीचे अंदाज मी बरीच वर्षं वाचतो. मागच्या वर्षांचे आकडे, लोकांच्या उत्पन्नातली वाढ, तिकिटांचे दर घेऊन रेघ पुढे ओढतात. मुंबईपुरती ती रेघ फसवी आहे, हे इथे उभं राहिलं की पटतं. २०१७-१८ मध्ये या विमानतळावरून ४ कोटी ८५ लाख प्रवाशांनी ये-जा केली आणि पुढच्या वर्षी ४ कोटी ८८ लाखांनी. त्याच वर्षी देशाची एकूण वाहतूक दहा टक्क्यांहून जास्त वाढली होती. मुंबईकरांची प्रवासाची हौस अचानक आटली होती का? मुळीच नाही. भरलेल्या विमानतळाचा आकडा मागणी सांगत नाही, किती जणांना जागा मिळाली एवढंच सांगतो. २०२४-२५ मध्ये तो साडेपाच कोटींवर गेला, तो बहुधा मोठ्या विमानांच्या आणि आडवेळेच्या उड्डाणांच्या जोरावर. ज्याच्या विमानाला स्लॉट मिळाला नाही, म्हणून जो रात्रभर बसमध्ये बसून आला, तो कुठल्याच रकान्यात नाही. माझ्या मते अंदाजाची सुरुवात त्याच्यापासून व्हायला हवी.

हीच गर्दी वाटून घ्यायला आखलेल्या नवी मुंबईच्या विमानतळाची कल्पना १९९७ ची आणि पहिलं प्रवासी विमान उतरलं २५ डिसेंबर २०२५ ला. मधल्या २८ वर्षांत उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावं उठली. गर्दी होणार हा अंदाज कधीच चुकला नव्हता. काम रखडलं, आणि आज ना उद्या उठायचंय हे ओझं घेऊन त्या गावांनी कितीतरी वर्षं काढली, याचा मला अजून राग येतो. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवाशांची आहे, पुढे ९ कोटींपर्यंत न्यायची आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या समांतर आखल्या आहेत, त्यामुळे दोन्ही झाल्या की एकाच वेळी चालवता येतील.

मावशी चहा आणतात. "मग तिकडचं सुरू झालं, आता आमच्या डोक्यावरची कमी होतील ना?"

मला खोटं सांगवत नाही. "नाही होणार, मावशी. इथून एक विमान तिकडे गेलं की त्याच्या वेळेसाठी दुसरं टपलेलंच आहे."

"आणि तुमच्या त्या अंदाजात आम्हाला धरलंय का? पोराची पुढच्या वर्षी दहावी आहे."

मी वाचलेल्या तक्त्यांत प्रवासी असतात, उड्डाणं असतात, मालाचे टन असतात. तसं मी त्यांना सांगतो. "मग लिहा की," त्या म्हणतात, आणि पुढचं विमान येतंय म्हणून कपावर बशी झाकतात.