पडदा अनगोळचा, यादी कुणाची?

रात्री जेवणाच्या वेळी अनगोळच्या गल्लीतून चालत गेलं, की एका दारातून मराठी मालिकेचं शीर्षकगीत ऐकू येतं आणि शेजारच्या दारातून कन्नड बातम्या. बेळगावच्या या भागात दोन भाषांची घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. दोन्ही घरांत एकाच खांबावरून केबल आलेली असते. त्या केबलमधून कोणती वाहिनी यावी, कितव्या क्रमांकावर यावी आणि तिचे किती पैसे पडावेत, हे मात्र दोन्हींपैकी कोणत्याच घरात ठरत नाही. ते गेली तीस वर्षं दिल्लीतल्या अधिसूचनांत, न्यायालयांत आणि प्रक्षेपण कंपन्यांच्या करारांत ठरत आलं आहे. सीमाभागातल्या मराठी माणसाच्या नजरेनं या प्रवासाकडे क्वचितच कुणी पाहिलं आहे.

प्राईम बँडची जागा

1991 च्या आखाती युद्धाच्या सुमारास गच्चीवर मोठ्या छत्र्या उभ्या राहिल्या. गल्लीतल्या एखाद्या खटपट्या तरुणानं छतांवरून, झाडांवरून वायर ओढली आणि तो सगळ्यांचा केबलवाला झाला. तेव्हा कायदा नव्हता. सप्टेंबर 1994 मध्ये अध्यादेश आला आणि पुढच्या वर्षी केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा झाला. त्याच्या कलम 8 नं दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणं केबलवाल्यावर बंधनकारक केलं. 2000 सालच्या दुरुस्तीनं हे बंधन अधिक नेमकं केलं: दूरदर्शनच्या दोन वाहिन्या आणि राज्याच्या प्रादेशिक भाषेतली एक वाहिनी प्राईम बँडमध्येच हवी.

प्राईम बँड म्हणजे जुन्या टीव्ही संचावर चित्र स्वच्छ दिसायचं ती खालच्या क्रमांकांची जागा. ती मोजकीच होती. वरच्या क्रमांकांवर मुंग्या दिसायच्या, आवाज खरखरायचा. म्हणून तिथल्या प्रत्येक जागेला मोल आलं. सरकारनं कायद्यानं स्वतःच्या वाहिनीची जागा राखून घेतली. खासगी वाहिन्यांनी ती केबलवाल्याला कॅरेज फी आणि प्लेसमेंटचे पैसे मोजून मिळवली.

या कायद्यातला ‘राज्याची प्रादेशिक भाषा’ हा शब्दप्रयोग सीमाभागासाठी कळीचा आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक राज्यात गेलं. त्यामुळे इथल्या केबलवर कायद्यानं राखलेली प्रादेशिक जागा कन्नडची, हे ओघानंच आलं. कन्नड शेजाऱ्याला त्याची भाषा मिळाली ते योग्यच झालं. प्रश्न एवढाच, की त्याच गल्लीतल्या मराठी घरासाठी कायद्यात जागाच नव्हती. कायद्याला राज्याची सीमा दिसत होती, गल्ली दिसत नव्हती.

मोजणीबाहेरची घरं

मग बाजारानं ती जागा भरून काढली का? 1999 मध्ये अल्फा मराठी आली, 2000 मध्ये ई टीव्ही मराठी, 2008 मध्ये स्टार प्रवाह. सीमाभागात या वाहिन्या आपुलकीनं पाहिल्या गेल्या. पण वाहिनीचं उत्पन्न जाहिरातींवर चालतं, जाहिरात प्रेक्षकसंख्येवर मिळते, आणि ही संख्या मोजणाऱ्या बार्क संस्थेची मराठी वाहिन्यांची जी साप्ताहिक क्रमवारी प्रसिद्ध होते ती ‘महाराष्ट्र-गोवा’ या बाजारपेठेची असते. बेळगाव, खानापूर, निपाणी हे भाग कर्नाटकच्या बाजारपेठेत मोडतात.

याचा अर्थ साधा आणि बोचरा आहे. अनगोळमधल्या आजीबाई रोज संध्याकाळी एकच मराठी मालिका न चुकता पाहत असतील, तरी त्या क्रमवारीत त्यांची गणती नाही. जो मोजला जात नाही, त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी पैसे खर्च करायला कुठल्या वाहिनीला कारण उरतं? अक्कलकोट किंवा जतमध्ये कन्नड वाहिनी पाहणाऱ्या घराचीही हीच गत आहे. हे दुखणं एका भाषेचं नाही, ते सीमेवर राहणाऱ्या सगळ्यांचं आहे.

डिजिटलनं दिलेलं आणि अडवलेलं

केबलमध्ये ॲनालॉग पद्धतीनं 8 मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यात एकच वाहिनी बसते. युरोपात घडलेल्या आणि भारतानं स्वीकारलेल्या डीव्हीबी मानकांनुसार त्याच पट्ट्यात दहापेक्षा जास्त वाहिन्या मावतात. 2011 च्या दुरुस्तीनं केबल टप्प्याटप्प्यानं डिजिटल करायचं ठरलं. पहिला टप्पा महानगरांचा, दुसरा 38 शहरांचा. बेळगाव शहर तिसऱ्यात आलं आणि भोवतालची खेडी चौथ्यात. तिसऱ्या टप्प्याची मुदत 31 डिसेंबर 2015 होती. न्यायालयीन वादांमुळे ती लांबत गेली आणि मार्च 2017 पर्यंत चौथा टप्पाही संपवायचं ठरलं.

जागा वाढली तशी सक्तीची यादीही वाढली. आता तीत दूरदर्शनच्या प्रादेशिक वाहिन्या आल्या, कन्नड चंदनाही आणि मराठी सह्याद्रीही. ॲनालॉगच्या काळात जे कायद्याला सुचलं नव्हतं, ते तांत्रिक मानकामुळे सहज होऊन गेलं. डिजिटलच्या साऱ्या गाजावाज्यात सीमाभागाला मिळालेला हा खरा लाभ आहे आणि त्याची नोंद व्हायला हवी.

मात्र मानक एक असलं तरी कुलूप प्रत्येकाचं वेगळं राहिलं. प्रत्येक कंपनीची सांकेतिक प्रणाली निराळी. निपाणीचं बिऱ्हाड कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापूरला हललं आणि तिथली केबल दुसऱ्या कंपनीची निघाली, तर पैसे देऊन घेतलेला सेट-टॉप डबा अडगळीत जातो. कुठल्याही सेवेला चालेल असा डबा असावा, अशी शिफारस दूरसंचार नियामक ‘ट्राय’नं एप्रिल 2020 मध्ये केली. ग्राहक अजून त्याची वाट पाहतो आहे.

दरांची रस्सीखेच

जागेचा प्रश्न सुटला तसा दराचा उभा राहिला. 2004 मध्ये प्रक्षेपणाचं नियमन ट्रायकडे आलं आणि त्याच वर्षी मागेल त्या वितरकाला वाहिनी देण्याचं बंधन प्रक्षेपकांवर आलं. वाहिनी नाकारता येईना, तेव्हा पॅक हे त्यांचं मोठं हत्यार झालं. एक लोकप्रिय वाहिनी सुटी महाग आणि इतर दहा वाहिन्यांसोबत स्वस्त. घेणारा निमूटपणे पॅक घेतो.

मार्च 2017 मध्ये ट्रायनं नवी चौकट आणली. पॅकवरची सवलत 15 टक्क्यांपुरती मर्यादित ठेवणारं त्यातलं कलम मद्रास उच्च न्यायालयानं रद्द केलं. बाकीची चौकट ऑक्टोबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली आणि 2019 च्या सुरुवातीला लागू झाली. 100 वाहिन्यांसाठी मूळ शुल्क जास्तीत जास्त 130 रुपये, करासह 153 रुपये 40 पैसे, आणि त्यावर निवडलेल्या वाहिन्यांचे पैसे. 19 रुपयांहून महाग वाहिनी पॅकमध्ये घालता येणार नव्हती. अनेक मोठ्या वाहिन्यांनी आपला दर नेमका 19 ठेवला. 1 जानेवारी 2020 ला ट्रायनं ही मर्यादा 12 रुपयांवर आणली. प्रक्षेपक मुंबई उच्च न्यायालयात गेले. जून 2021 मध्ये मुख्य मुद्द्यांवर निकाल ट्रायच्या बाजूनं लागला, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी लोकप्रिय वाहिन्यांचे दर 12 च्या वर नेऊन त्या पॅकबाहेर काढल्याचं जाहीर केलं. अंमलबजावणी लांबली आणि नोव्हेंबर 2022 मध्ये मर्यादा पुन्हा 19 झाली. न्यायालयात हरलेली बाजू बाजारात जिंकली.

फेब्रुवारी 2023 मध्ये नव्या दरांचे करार न करणाऱ्या केबल कंपन्यांचे सिग्नल मोठ्या प्रक्षेपकांनी काही दिवस बंद केले. सुमारे साडेचार कोटी घरांवर परिणाम झाल्याचं केबल कंपन्यांच्या महासंघाचं म्हणणं होतं. दोघांच्या भांडणात अंधारला तो प्रेक्षकाचा पडदा.

दोन भाषांत जगणाऱ्या घराला ही पद्धत जास्त जाचते. मुलांच्या शाळेसाठी आणि गावच्या बातम्यांसाठी कन्नड हवी, घरासाठी मराठी हवी. एका भाषेच्या घराला एक पॅक पुरतो. इथे दोन घ्यावे लागतात, नाहीतर एका भाषेवर पाणी सोडावं लागतं. जुलै 2024 मध्ये मूळ शुल्कावरची 130 रुपयांची मर्यादाही उठली, म्हणजे हिशेब आणखी सैल झाला.

मागायचं ते काय?

9 फेब्रुवारी 1995 ला सर्वोच्च न्यायालयानं आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. ती मालमत्ता अनगोळचीही आहे. राज्य पुनर्रचनेच्या वेळी भाषिक अल्पसंख्याकांना दिलेल्या संरक्षणात एक मोजपट्टी आहे: ज्या भागात अल्पसंख्य भाषेचे लोक 15 टक्के किंवा अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात. बेळगावचा मराठी माणूस दशकानुदशकं याच आधारावर मराठी परिपत्रकं मागतो आहे. हीच मोजपट्टी ट्रायनं केबललाही लावावी. अशा तालुक्यांत मूळ शुल्कात दोन्ही भाषांच्या मोफत वाहिन्या मिळाव्यात, दोन भाषांचा मिश्र पॅक परवडेल अशा दरात असावा आणि भाषेच्या क्रमवारीत सीमेपलीकडची घरंही मोजली जावीत.

या मागणीसाठी नकाशावरची एकही रेघ हलवावी लागत नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर त्या गल्लीतली दोन्ही दारं रोज संध्याकाळी उघडी असणार आहेत, आणि एकाच खांबावरून येणारी केबल दोन्ही भाषा वाहून न्यायला पुरेशी आहे. आता नियमानंही ते करावं.