संग्राहक आणि संग्रहपाल

आमच्या घरीं आजीचा एक पितळी मुठींचा अडकित्ता होता. त्याची धार बोथट झाली, तेव्हां मींच तो मोडींत दिला. पुढें कांहीं वर्षांनीं विद्यार्थ्यांस घेऊन पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत गेलों, तों तसलेच अडकित्ते कांचेच्या कपाटांत मांडलेले दिसले. आणि मला माझीच लाज वाटली.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहीत. दिवे, दौती, फण्या, वज्र्या, पानाचे डबे, वाद्यें, कोरीव दरवाजे, अशा नित्याच्या वापरांतील वस्तु त्यांनीं गांवोगांव हिंडून मिळविल्या. पत्नी कमलाबाई यांची त्यांस बरोबरीची साथ होती. संग्रह सुमारें २०,००० वस्तूंचा झाला.

येथवर ही संग्राहकाची गोष्ट झाली. परंतु संग्राहक आणि संग्रहपाल यांत भेद आहे. संग्राहक 'हें माझें' असें म्हणतो. संग्रहपाल 'हें मजपाशीं ठेवलेलें' असें म्हणतो. वस्तु कोठून, केव्हां, कोणाकडून आली, याची नोंद त्यानें ठेवावयाची; कारण नोंद गेली कीं वस्तु मुकी होते. आपण समई चिंचेनें घांसून लखलखीत करतों; तो तिच्या अंगावरची काळाची छटा जपतो. लांकडास वाळवीपासून, वस्त्रास उन्हापासून राखावें लागतें. सर्व कांहीं एकदम मांडतांही येत नाहीं. थोडें निवडून दाखवावें, बाकीचें सांभाळावें, हा विवेक त्यास लागतो. शिवाय संस्था नफ्यासाठीं नसली तरी दिवाबत्ती, पहारा, दुरुस्ती यांस पैसा लागतोच. तो लोकांकडे मागावयाचा, आणि पैपैचा हिशेब त्यांस द्यावयाचा.

केळकरांचें मोठेपण मला येथेंच दिसतें. जमविलेलें सारें त्यांनीं हयातींतच महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलें. संग्रहालयाचें नांव वाचून हा कोणी संस्थानिक राजा असावा, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः राजा हें बालपणींच गेलेल्या त्यांच्या मुलाचें नांव. आपलें दुःख त्यांनीं असें लोकांच्या ठेव्यास जोडून दिलें.

वाचकहो, जुनें भांडें मोडींत घालण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांस त्याची हकीकत विचारा, व ती लिहून ठेवा. संग्रहपालाचें काम तेथूनच सुरू होतें. माझ्या आजीच्या अडकित्त्याची हकीकत मला आज कोणालाही सांगतां येत नाहीं.