घरातील जाळ्याचा विस्तार : दुसऱ्या राउटरपेक्षा स्विच सोयीचा

संगणक, दूरचित्रवाणी संच, प्रिंटर, सुरक्षा कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर अशी उपकरणे एकामागून एक तारेने जोडली जाऊ लागली, की राउटरमागील पोर्ट अपुरे पडतात. घरगुती राउटरला बहुधा चारच लॅन पोर्ट असतात. अशा वेळी अनेक जण जुना राउटर पुन्हा वापरात आणतात. मात्र त्याची मांडणी न बदलता तो वॅन पोर्टमधून जोडल्यास घरात दोन वेगळी जाळी तयार होतात आणि एका जाळ्यातील संगणकाला दुसऱ्यातील प्रिंटर सापडेनासा होतो.

यावरील सोपा उपाय म्हणजे नेटवर्क स्विच. प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता देण्याचे काम मूळ राउटरच करीत राहतो. कोणते उपकरण कोणत्या पोर्टवर आहे, याची नोंद ठेवून स्विच माहिती योग्य ठिकाणी पोहोचवतो. साध्या स्विचला कोणतीही मांडणी करावी लागत नाही. राउटर आणि स्विच यांना जोडणाऱ्या तारेसाठी दोन्हीकडील एकेक पोर्ट खर्च होतो. त्यामुळे चार पोर्टच्या राउटरला आठ पोर्टचा स्विच जोडल्यास उपकरणांसाठी एकूण दहा पोर्ट मिळतात.

खरी फसगत वेगाच्या बाबतीत होते. 'फास्ट इथरनेट' हे नाव वेगवान वाटले, तरी त्याची मर्यादा सेकंदाला १०० मेगाबिट एवढीच आहे. तीनशे मेगाबिटची जोडणी घेतलेल्या ग्राहकाने असा स्विच बसवल्यास, त्यामागील सर्व उपकरणांना मिळून शंभर मेगाबिटही पुरते मिळत नाहीत. म्हणून गिगाबिट स्विच घ्यावा. तांब्याच्या तारेवरील गिगाबिट इथरनेटचे मानक १९९९ मध्ये निश्चित झाले. त्यासाठी तारेतील चारही जोड्या शाबूत असाव्या लागतात; शंभर मेगाबिटला दोन पुरतात. त्यामुळे एखादी जोडी तुटली, तर जोडणी चालू राहूनही वेग घसरू शकतो आणि दोष तारेत असूनही ठपका इंटरनेट सेवेवर येतो. 'कॅट ५ई' किंवा त्यावरील श्रेणीची तार वापरावी. तारेची कमाल लांबी १०० मीटर आहे.

एकच स्विच राउटरला दोन तारांनी मात्र जोडू नये. साध्या स्विचमध्ये त्यामुळे माहिती चक्राकार फिरत राहते आणि संपूर्ण जाळे ठप्प होऊ शकते.

विस्तारानंतर संगणकावर जोडणीचा वेग तपासावा. गिगाबिट उपकरणावर १००० ऐवजी १०० हा आकडा दिसल्यास सेवा कंपनीकडे तक्रार करण्यापूर्वी तार बदलून पाहावी.